रस्त्यात उरलेलं घर

अक्रा शहरातल्या आमच्या गल्लीतून मोठा रस्ता न्यायचं सरकारनं ठरवलं आणि घराघरावर लाल फुली आली. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, म्हणजे केंके, विकणाऱ्या कोर्कोर मावशीचं घर अगदी टोकाला होतं. पाडापाडी तिच्या दारापर्यंत आली, तेवढ्यात निवडणूक होऊन सरकार बदललं. नव्या सरकारनं रस्ताच रद्द केला. आम्ही शहराबाहेर पांगलो होतो. मावशी एकटी उरली.

मी भेटायला गेले, तेव्हा ती आमच्या मोडक्या जोत्यांपुढे झाडू मारत होती.

"मावशी, नशीबवान गं तू!"

"कसली नशीबवान? संध्याकाळी तुझ्या आईच्या उखळाचा आवाज येतो. मी हाक मारते, तर कुणीच नसतं. भांडायलासुद्धा कुणी ठेवलं नाही मेल्यांनी."

पुढच्या निवडणुकीत तिसरं सरकार आलं आणि त्यानं तोच रस्ता पुन्हा मंजूर केला. मावशी कोसळेल म्हणून मी धावत गेले. बुलडोझर दारात उभा होता. गाठोडं घेऊन ती बाहेर आली आणि चालकाला म्हणाली, "इतका उशीर का केलास रे बाबा?"

मग माझा हात धरून निघाली. जाताना प्रत्येक रिकाम्या अंगणापाशी थांबून हळूच म्हणत होती, "येते हं."