हनुवटीवरचा हात

माझा कुठलाही फोटो काढून बघा, उजवा हात हनुवटीला टेकलेला दिसेल. लग्नाच्या अल्बमपासून सातपूरच्या कंपनीतल्या हळदीकुंकवापर्यंत. लोकांना वाटायचं, बाई विचारी आहे. विचार कसला डोंबलाचा! हनुवटीवर राठ काळे केस होते, ते झाकायचे होते. रोज सकाळी बाथरूमची कडी लावून मी ते चिमट्याने उपटायचे, दुसऱ्या दिवशी शेजारी नवे हजर. कुणाच्या नजरेला पडतील या धास्तीत पंचवीस वर्षं गेली.

शेवटी पन्नाशीच्या तोंडावर लेसर करायचं ठरवलं. आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन हनुवटी दोऱ्याने चकाचक करून घेतली. पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो, तसंच. कॉलेज रोडवरच्या त्या तरुण डॉक्टरणीने भिंग धरलं आणि तिला हसू आवरेना.

"मॅडम, तुम्ही तर सगळे काढूनच आलात. आता मी प्रकाश कशावर मारू?"

मग तिने नीट समजावलं. केसातला काळा रंग प्रकाश धरतो, त्याची उष्णता मुळापर्यंत जाते आणि मूळ कमजोर होतं. केस उपटलेला असला तर प्रकाशाला धरायला काहीच उरत नाही. म्हणून महिनाभर उपटायचं नाही, फक्त वरून रेझर फिरवायचा. सगळे केस एका वेळी वाढत नसतात, त्यामुळे सहा-आठ वेळा यावं लागेल. कायमचे कमी होतील, बारीक होतील, पण एकही राहणार नाही असं वचन ती देणार नव्हती. तिचा हा सरळपणा मला आवडला. पण रेझर? म्हणजे दाढी? मी तणतणतच घरी आले.

नेमकी त्याच महिन्यात आई कळवणहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली. पट्टी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी, चहा देताना, तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"हनुवटीला काय गं हे?"

माझा रागाने तोल गेला. "केस आहेत! बायकांना नसावेत तिथे आहेत, झालं समाधान?"

आईने तोंडाशी धरलेला पदर हळूच खाली घेतला. तिच्या हनुवटीवर पांढरे, लांब केस होते. आयुष्यभर तिचा पदर तिथेच असायचा आणि मी त्याला मर्यादा समजत आले होते.

"मी पण उपटायचे," ती म्हणाली. "नजर गेली तसं दिसंना. दुसऱ्या कोणाला सांगायची लय लाज. माझंच तुला आलं, पोरी."

मला माझ्याच ओरडण्याची शरम वाटली. महिना भरल्यावर मी तिलाही सोबत घेऊन गेले. तिच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, माझ्या डोळ्यांवर लेसरसाठी तिथे दिलेला. दोघींकडे बघून डॉक्टरीण पुन्हा हसली. पण आईची हनुवटी पाहून तिने मान हलवली. पांढऱ्या केसात रंगच नसतो, प्रकाश त्याला धरत नाही.

"म्हणजे मला उशीर झाला," आई म्हणाली. एवढंच. पण परतताना रिक्षात तिने पदर पुन्हा तोंडाशी धरला.

घरी आल्यावर मी तिला गॅलरीत उन्हात बसवलं आणि माझा चिमटा आणला. आधी ती नाय नाय म्हणत राहिली, मग तिने डोळे मिटले. एकेक केस काढताना तिचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. आम्ही मायलेकी इतक्या जवळ कित्येक वर्षांत बसलो नव्हतो.

लेसरच्या सगळ्या खेपा झाल्या, आज माझ्या हनुवटीवर मोजके, मऊ केस उरलेत. कधीमधी रेझर फिरवते आणि विसरते. घरातला चिमटा मात्र मी टाकला नाही. महिन्यातून एका रविवारी तो पर्समध्ये टाकून कळवणची एस.टी. धरते. आई ओट्यावर उन्हात बसते, पदर खांद्यावर टाकते आणि हनुवटी वर करते. समोरून शेजारीण गेली तरी ती आता खाली करत नाही.