केशरबाईंचे गुलाब आणि पुंजाजींचं खुरपं

गोरेगावात पुंजाजींच्या खुरप्याचा दरारा होता. चाळीस वर्षं कपाशी केली, पण त्यांच्या वावरात परकं पान कुणाला दिसलं नाही. आता वावर मुलगा रविंद्र बघतो. खुरपं मात्र पुंजाजींच्याच हातात, आणि हाताला काम नसलं की त्यांना करमत नाही.

लेक दीक्षाच्या दुसऱ्या बाळंतपणाला केशरबाई नांदेडला निघाल्या, तेव्हा त्यांचा जीव घरामागच्या तीस गावठी गुलाबांत अडकला. लग्नानंतर स्वतःसाठी त्यांनी मागून घेतलेली ही पहिलीच गोष्ट. गुलाबांच्या अधेमधे त्यांनी मन मानेल तसा झेंडू विखरला होता, शेपू टाकली होती. जीपमध्ये बसता बसता त्या म्हणाल्या, "पानी तेवढं द्या. सव्वा महिन्यानं लेकराचं नाव ठेवाले विहारात येऊ, तवा माझेच गुलाब पायजेत."

आठवडाभर पुंजाजींनी नुसतं पाणी दिलं. पुढे राहवेना. झेंडू वावराच्या कडेला, धुऱ्यावर असता तर त्यांनी डोळेझाक केली असती, पण पिकाच्या मधोमध उगवलेलं ते तण, हा त्यांचा कायदा. 'गुलाबाचं खत हेच खाऊन राहिलेत. केशर खूश होईल,' असं म्हणत एका दिवसात त्यांनी सगळं उपटून उकिरड्यावर टाकलं. जागा कशी आरशासारखी लख्ख झाली!

मग आभाळ आलं आणि कळ्यांवर माव्याची कीड चढली. पानं चिकट, कळ्या वाकड्या. रविंद्रने कपाळावर हात मारला. "आबा, शेपूच्या फुलावर लाल ढालकिडे यायचे, तेच मावा खायचे. म्हनून तर आई शेपू लावायची."

त्याच संध्याकाळी केशरबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "गुलाब दाखवा बरं." पुंजाजींनी फोन म्हशीकडे फिरवला. "रेंज जाऊन राहिली," असं सांगून बंदच केला. पुढचे तीन दिवस ती रेंज काही आली नाही. बायकोनं आयुष्यात एकदाच काही मागितलं आणि ते आपण आपल्याच हातानं उजाड केलं, या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

शेवटी लाज गुंडाळून ते शेजारच्या खुर्शीदबीच्या दारात गेले. खुर्शीदबी बांगड्या विकायची, केशरबाईंची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या अंगणात तेलाच्या डब्यांत कळ्यांनी लगडलेला झेंडू आणि फुलोऱ्यावरची शेपू उभी होती.

"घेऊन जा, भाऊ," ती म्हणाली. "पन लई दिवस लावले तुमी यायला."

पुंजाजींचं लक्ष फक्त रोपांवर. डबे घरी आणून त्यांनी दोरी लावली, वीतभर अंतरानं रोपं बसवली, कळ्या साबणाच्या पाण्यानं एकेक करून पुसल्या. आठव्या दिवशी शेपूवर पहिला ढालकिडा बसला, तेव्हा या माणसानं त्याला चक्क हात जोडले.

बाळाला घेऊन सगळी आली. केशरबाई चहाआधी मागच्या अंगणात गेल्या. गुलाब भरून फुलले होते. त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अवो, गुलाबात झेंडू दोरी लावून कोन लावते?"

"उपटला म्या," पुंजाजी मान खाली घालून म्हणाले. "समदा उपटला. चुकलं माझं."

केशरबाई खळखळून हसल्या. "मले ठाऊक व्हतं. चाळीस वर्सं तुमचा हात बघून राहिले न्हाई का मी? म्हनून तर जायच्या आधीच खुर्शीदबीकडं रोपं करून ठेवली. डबे तरी वळखायचे, आपल्याच घरचे!"

पुंजाजींनी कोपऱ्यातला रिकामा डबा फिरवून पाहिला. त्यावर लाल रंगात त्यांचंच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी टोपलीभर गुलाब विहारात गेले. परवा पुंजाजी पुन्हा खुरपं घेऊन गुलाबांत बसले होते. बराच वेळ एका रोपाकडे बघून त्यांनी घरात हाक मारली, "अगं, ही हराळी हाय. उपटू का?"

"इचारून राहिले ना?" आतून आवाज आला. "मंग उपटा."