वरचं तळं आणि खालचे डबे

मंडळी, नैनितालच्या सायबर कॅफेतून लिहितो आहे. लखनौहून आपल्या मराठी मंडळाची वार्षिक सहलीची मिनीबस पहाटे पोहोचली. आज पाचव्यांदा आम्ही बांज-देवदारांच्या जुन्या जंगलातून वरच्या तळ्याकडे चढलो.

तळं देवीचं आहे. काठावर शिजवलेलं अन्न न्यायचं नाही, असा तिथला नियम. म्हणून डबे शेवटच्या चढाखाली ठेवतात आणि माकडांमुळे कुणीतरी राखण करतं. चार वर्षं माझी बायको, सुनंदा, थांबली. तिला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

आजही ती सतरंजी पसरू लागली. पुढच्या महिन्यात आमची नागपूरला बदली होतेय. म्हणजे तळं बघायची तिची ही शेवटचीच संधी. हे फक्त आमच्या मुलीच्या लक्षात आलं.

"आई, चलो ना! पापा बैठ जाएँगे."

"अगं, त्यांना माकडांची भीती वाटते."

"तो आज निकल जाएगी!"

सगळे हसले. मी काठी घेऊन बसलो.

दोन तासांत एका माकडाने पुऱ्यांचा डबा पळवला. बाकी शांत होतं. झाडं इतकी उंच आहेत, हे मी आजच पाहिलं.

सुनंदा उतरली तेव्हा तिच्या साडीचा काठ ओला होता. पुऱ्यांचं ऐकून ती हसली.

"कसं वाटलं तळं?" मी विचारलं.

"हिरवंगार आहे. तुम्ही दरवर्षी निळं सांगत होतात."

मी आठवून पाहिलं. मला रंग आठवेना.

तुमच्यातले बरेच जण तिथे जाऊन आलेत. तुम्हाला आठवतो का?