वरचा थर

ताईला उतारावरचं शेत सपाट हवं होतं. बादल्या घेऊन चढून चढून तिचे गुडघे गेले होते, आणि धाकटा भाऊ तर बुलडोझर चालवायचा. ती हात धुऊन त्याच्या मागे लागली. "जगाची जमीन सपाट करतोस, बहिणीचीच तेवढी वाकडी ठेव," असं ऐकवून तिने त्याला जेरीस आणलं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तो मालकाची मनधरणी करून मशीन घेऊन आला.

या कामाची एक रीत असते. आधी वरचा काळा थर खरवडून बाजूला ढीग करायचा, मग खालचा मुरूम कापून खड्डे भरायचे आणि शेवटी तो थर पुन्हा सगळीकडे पसरायचा. खडक झिजून बोटभर माती व्हायला कित्येक पिढ्या जातात, हे भावाला तोंडपाठ होतं. पण मशीन संध्याकाळी परत द्यायचं होतं. त्याने तो पहिला ढीग केलाच नाही. काळी माती सरळ खड्ड्यात गेली आणि तिच्यावर मुरूम बसला. शेत मात्र कॅरमबोर्डासारखं सपाट झालं. ताईने भावाचं तोंडभर कौतुक केलं.

पुढच्या हंगामात वाटाणा वीतभर वाढला, पिवळा पडला आणि तिथेच थांबला. ताईने मूठभर उकरून पाहिलं तर हातात नुसते खडे. तिचं डोकंच फिरलं. भाऊ आला तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." तो मान खाली घालून परत फिरला. चांगला कडाकडा भांडला असता तर बरं झालं असतं.

तो दारात आला नाही, पण शेताच्या कडेला ढीग यायला लागले. कुठे पाया खणला की तो वरची माती फेकू द्यायचा नाही. ट्रॉलीत भरून आणायचा, ओतायचा, जरा वेळ गाडीतच बसून राहायचा आणि निघून जायचा. ढिगाच्या रंगावरून ताईला कळायचं, स्वारी कुठे कामाला आहे: तांबडी असली की टेकडीकडे, रेताड असली की नदीकडे, चिकट काळी असली की नव्या दवाखान्यावर. ती खिडकीतून बघायची. हाक ओठांवर यायची आणि ती गिळून टाकायची. दोघंही एकाच आईची, हट्टात कोण कुणाला हार जाणार! तो गेला की ती माती पसरायची, पालापाचोळा मिसळायची, वाहून जाऊ नये म्हणून कडेने गवत लावायची.

अशी वर्षं गेली. मग एका हंगामात वाटाणा कमरेपर्यंत चढला, शेंगांनी लगडला. ताईने पहिली पिशवी बाजूला काढली आणि ठरवलं, आता पुरे. यावेळी गाडी दिसली की धावत जायचं आणि कान धरून त्याला आत आणायचं.

गाडी आली नाही. भावजयीचा फोन आला. मशीनवर बसल्या बसल्याच त्याच्या छातीत कळ आली होती.

ताई पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती भावजयीजवळ जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. "मला माती नको होती गं. तो हवा होता मला."

भावजय म्हणाली, "तुमच्याकडे निघाले की घरी जेवायचे नाहीत, ताई. म्हणायचे, आज ती आत बोलावेल, तिथेच जेवेन. मी ताट झाकून ठेवायची."