शेवटचं कडवं

गल्लीत डफ शेकून राह्यले आहेत. तापल्या कातड्याचा वास घरात आला, आणि मला लोणारचा मंडप दिसला.

जिल्ह्यातल्या गाणे रचणाऱ्यांचा मेळावा होता तो. ज्यानं त्यानं आपलंच गाणं म्हणायचं. मी ज्वारीच्या राखणीचं रचलं होतं. आमच्यात रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येते. त्याच्या आधी तोडलं, तर गाणं कोणाचंही होते. माझा जोडीदार सखाराम मंडपामागं डफ शेकत होता, तेवढ्यात मेळाव्याचे मास्तर आले.

"बुवा, वेळ नाही. दोन कडवे म्हणा आन् उतरा."

"मंग काय बिननावाचं म्हनू? पुरं म्हनतो, नाही तं म्हनतच नाही."

मी पुरं म्हटलं. शेवटच्या कडव्याला त्यांनी माईक बंद केला, तरी थांबलो नाही. मागच्या लोकांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझं नाव बुडालं. मला राग आला नाही. काहीच आलं नाही.

बायको मागं बायांमध्ये बसली होती. जानेफळला परत येताना एसटीत तिला विचारलं, "नाव ऐकू आलं का वं?"

"हाव, आलं ना," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

मी पुन्हा विचारलं नाही. तेव्हा वाटलं, हिला खोटं बोलताही येत नाही. आता ती नाही, तर वाटते, माझ्यासाठी तेवढं खोटं दुसरं कोणी बोललं नाही.