अंग राखायला कोण जागतं?

किस्से गोळा करायला मी कधी बसले नाही. मी नाशिकमध्ये एका नर्सिंग कॉलेजात फिजिओलॉजी शिकवते, म्हणजे शरीराचं कामकाज कसं चालतं ते. या विषयाचं सगळं सामान विद्यार्थी रोज सोबतच घेऊन येतात. हृदय, फुप्फुसं, किडनी, काहीच घरी विसरून येत नाहीत. त्यामुळे धडा कधी फळ्यावर सुरू होतो, तर कधी मागच्या बाकावर. मग किस्से साचतात. मैत्रिणी जमल्या की "कॉलेजातलं सांग ना काहीतरी" म्हणतात, आणि मला हटकून एकच बॅच आठवते. ओझरचा सचिन, निफाडची ऋतुजा, सुरगाण्याकडची यमुना. आणि माझ्यासोबत प्रॅक्टिकल घेणारे आमचे जाधव सर.

*

पहिलाच धडा होता होमिओस्टॅसिसचा. बाहेर काहीही होवो, शरीर आतलं सगळं जिथल्या तिथे ठेवतं. तापमान, पाणी, मीठ, साखर. डिसेंबरचे दिवस होते. मी सगळ्यांना थर्मामीटर दिले. वर्ग कुडकुडत होता, पण प्रत्येकाचं तापमान जवळजवळ सारखंच आलं.

ऋतुजा थर्मामीटर उलटसुलट करून बघत होती. तिच्या घरची द्राक्षाची बाग आहे.

"मॅडम, निफाडला थंडी पडली की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. नाहीतर मणी तडकतात. बाग राखायला आख्खं घर जागं असतं. मग अंग राखायला कोण जागतं?"

मी मेंदूतल्या, अंगाचं तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसबद्दल सांगणार, तेवढ्यात जाधव सर मफलर गुंडाळत म्हणाले, "जागणारा आहे एक. पण त्याची आठवण कुणी ठेवत नाही. पेपरात दहा मार्कांना आला तरच."

*

श्वासाचा धडा आला तेव्हा सचिननं जाहीर केलं की श्वास घेणं-न घेणं आपल्या हातात असतं. तो व्यायामशाळेत जायचा, आणि ते वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असेल याची काळजीही घ्यायचा.

म्हटलं, "ये पुढे. रोखून दाखव."

त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि नाक चिमटीत धरलं. सुरुवातीला तो हसतच होता. मग हसू गेलं. मग कान लाल झाले. मुली आकडे मोजायला लागल्या, तशी त्यानं डोळे मिटून घेतले. पोट आतल्या आत उसळायला लागलं. मी सांगत होते, "रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतोय. मेंदूला ते कळलंय. आता तो छातीच्या स्नायूंना हुकूम सोडणार." माझं वाक्य संपायच्या आत सचिनचं तोंड उघडलं आणि भात्यासारखा आवाज झाला.

वर्ग हसला. सचिन टेबलाला धरून उभा होता. दम लागलेला, पण हार मानायची नाही.

"मॅडम, लिहून घ्या. मी सोडला नाही. मेंदूनंच घेतला."

परीक्षेत हाच प्रश्न आला. अर्ध्या वर्गानं उत्तराची सुरुवात याच वाक्यानं केली, आणि मला मार्क कापायला जागा सापडली नाही.

*

व्यायामात नाडी कशी वाढते हे वर्गात उड्या मारून दाखवता येतं. पण जाधव सरांना हौस. ते म्हणाले, "पांडवलेण्यांवर जाऊ. पायथ्याशी नाडी मोजायची, वर गेल्यावर मोजायची." त्यासाठी त्यांनी नवे स्पोर्ट्स शूज घेतले होते.

पायथ्याशी सगळ्यांची नाडी मोजून झाली. आम्ही निघालो. यमुना पुढे होती. मध्येच कुणाची तरी पाण्याची बाटली खाली राहिल्याचं कळलं, तर ती उतरून बाटली घेऊन पुन्हा वर आली. सर तोपर्यंत निसर्ग बघायला तीनदा थांबले होते.

वर पोचल्यावर मोजमाप झालं. सरांची नाडी ऋतुजानं मोजली आणि आकडा सांगायचा सोडून ती माझ्याकडे बघायला लागली. यमुनाची नाडी जेमतेम वाढली होती.

"घड्याळ चुकतंय," सर म्हणाले. त्यांनी स्वतःचं घड्याळ काढून दिलं. यमुनाची नाडी पुन्हा मोजली. तेवढीच.

यमुनाला सरांचं वाईट वाटलं असावं. ती हळूच म्हणाली, "सर, आमची शाळाच डोंगरावर होती. दप्तर घेऊन रोज चढायचं. तुम्हाला सवय नाय, एवढंच."

सर कट्ट्यावर टेकले. "तरी तुझी एवढी कमी कशी?"

"काय माहीत सर. शाळेत असताना कुणी मोजली नाय. मोजली असती तर तिथं तरी पहिला नंबर आला असता."

*

हा पुढचा किस्सा ऋतुजानं सुट्टीवरून आल्यावर सांगितला. तेव्हा ती हसत होती, पण घडताना कुणी हसत नव्हतं.

द्राक्षाची काढणी चालू होती आणि तिच्या वडिलांना जुलाब लागले. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पा बाग सोडून दवाखान्यात जायला तयार नाहीत. तांब्यावर तांब्या नुसतं पाणी पीत होते. ऋतुजानं ओआरएस कालवून दिलं, तर एक घोट घेऊन त्यांनी ग्लास बाजूला सारला. "खारट लागतं. पाणी पितोय ना मी?"

दुपारपर्यंत त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. डोळे आत गेले. ऋतुजानं विचारलं, "आप्पा, लघवीला कधी गेला होता?" त्यांना आठवेना. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी उरलंसुरलं धरून ठेवते, हे तिनं नुकतंच पेपरात लिहिलं होतं. आता ते समोर खाटेवर पडलं होतं.

ती त्यांच्या उशाशी बसली. "आप्पा, वेलीला नुसतं पाणी सोडता का?"

"नाय. ठिबकमधून संगं खत जातं."

"नुसतंच सोडलं तर?"

"मग मातीत हाय ते बी धुऊन जातं. येल पिवळी पडती."

"तुमच्या आतलं मीठ धुऊन चाललंय आप्पा."

आप्पांनी हात पुढे केला, ग्लास घेतला आणि सगळा प्यायले. "गाडी काढा," म्हणाले.

दवाखान्यात सलाईन लावलं. आप्पांनी आधी थेंब निरखले. मग सिस्टरला विचारलं, "ताई, ही नळी तासाला किती लिटर सोडती?" डॉक्टरांनी बजावलं होतं की लघवी झाली की लगेच सांगा. संध्याकाळी आप्पा आधार घेत जाऊन आले. बाहेर व्हरांड्यात भाऊ, पुतणे, व्यापारी, सगळे चेहरे पाडून बसलेले.

आप्पांनी दारातूनच सांगितलं, "मोटर चालू झाली."

*

आणि आता यमुनाच्या तोंडी परीक्षेचं.

जाधव सरांना मधुमेह आहे. सकाळी इन्सुलिन घेतात आणि ठरल्या वेळी जेवतात. स्टाफला हे माहीत होतं, विद्यार्थ्यांना नव्हतं. त्या दिवशी परीक्षा उशिरा सुरू झाली आणि जेवणाची वेळ टळून गेली. मी म्हटलंही, "सर, डबा खाऊन घ्या." ते म्हणाले, "एवढी बॅच उरकतो." मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला ब्लड प्रेशरचं प्रॅक्टिकल घ्यायला गेले.

यमुना त्यांच्यासमोर बसली. तोंडी परीक्षेला ती फार घाबरायची. डोंगराकडची बोली मध्येच येईल, म्हणून एकेक शब्द जपून बोलायची.

सरांनी विचारलं, "रक्तातली साखर कमी झाली तर शरीर काय करतं?"

"सर, स्वादुपिंड ग्लुकॅगॉन सोडतं. मग यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. अ‍ॅड्रिनलिन वाढतं. घाम येतो, हात थरथरतात, धडधड होते."

सरांनी मान हलवली. कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, "रक्तातली साखर कमी झाली तर शरीर काय करतं?"

यमुनाला वाटलं, काहीतरी राहिलं. तिनं पुन्हा सगळं सांगितलं. मेंदूला साखर कमी पडली तर माणूस गोंधळतो, हेही जोडलं.

सरांनी टेबलावर हात आपटला. "विचारलंय त्याचं उत्तर दे. साखर कमी झाली तर शरीर काय करतं?"

जाधव सर कधी आवाज चढवत नाहीत. मी वळून बघितलं. यमुनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण नापास झालो, असंच तिला वाटलं, हे तिनं मला नंतर सांगितलं. पण ती सरांकडे बघत राहिली. हॉलमध्ये सगळे स्वेटर घालून बसले होते आणि सरांची कॉलर ओली होती. हातातलं पेन कागदावर टकटक वाजत होतं.

ती उठली.

"कुठं निघालीस? बस खाली."

ती बसली नाही. बाजूच्या टेबलावर चहाचा ट्रे होता. तिनं ग्लासात पाणी घेतलं, साखरेचे चमचे टाकले, ढवळलं आणि ग्लास सरांपुढे धरला.

"सर, हे प्या आधी."

"परीक्षक मी आहे."

"हो सर. प्या."

तोपर्यंत मी धावत पोचले होते. सरांचा हात इतका थरथरत होता की ग्लास यमुनानंच धरून ठेवला. ते घोट घोट प्यायले. मी बिस्किटं पुढे केली, तीही खाल्ली. यमुना त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून उभी होती. हळूहळू पेनाची टकटक थांबली. सरांनी रुमालानं मान पुसली, रिकाम्या ग्लासाकडे बघितलं, मग यमुनाकडे. चष्मा नीट केला आणि मार्कांचा कागद जवळ ओढला.

"बरोबर," ते म्हणाले. "पुढचा प्रश्न."