आलमारीसाहेबांची रायफल

आलमारीसाहेबांना कुठे ढिला स्क्रू दिसला की त्यांचं बोलण्यातलं लक्ष उडायचं. लोक खिशाला पेन लावतात, ते पेचकस लावायचे. नांदुऱ्याला काळीपिवळीने जाताना पुढच्या माणसाची सीट कसून द्यायचे, तीही त्याला न उठवता. माझे सासरे वारले तेव्हा भेटायला आले, दोन मिनिटं मान खाली घालून बसले आणि तिसऱ्या मिनिटाला आमच्या दाराची कडी बघायला उठले. म्हणाले, "दुख आपल्या जागी हाये सर, पन कडी काऊन लोंबून राह्यली?"

त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. सैन्यात ते आर्मरर होते, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारे हवालदार. निवृत्त होऊन गावी आले आणि दारावर हौसेने पाटी लावली, ‘रिटायर्ड आर्मरर’. पहिल्याच आठवड्यात एक जण मुलीच्या लग्नासाठी लोखंडी कपाटाचा भाव विचारायला आला. तेव्हापासून ते आलमारीसाहेब. चिडले नाहीत. उलट त्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या जुन्या कपाटाचं कुलूप नीट करून आले.

मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या वाटेवर आमची शाळा. मी तिथे चित्रकलेचा शिक्षक. शाळेच्या हॉलमध्ये सैन्याकडून फार पूर्वी भेट मिळालेली एक जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल टांगलेली होती. नळी बुजवलेली, आतली कळ काढलेली. ती कधीच उडणार नाही असा शिक्क्याचा कागद ऑफिसात होता. दरवर्षी सव्वीस जानेवारीच्या आधी मुख्याध्यापक सांगायचे, "सर, रायफलला जरा हात मारा." मी हात मारायचो. आधी चांदी दिली. पुढच्या वर्षी चापाला सोनेरी. मग नळीवर तिरंग्याचे पट्टे, आणि एका वर्षी उत्साहाच्या भरात मागच्या लाकडी दस्त्यावर कमळाची वेलबुट्टी काढली. पाहुणे कौतुक करायचे.

साहेबांना आम्ही झेंडावंदनाला पाहुणे म्हणून बोलावलं. ते रायफलीसमोर उभे राहिले आणि त्यांनी पट्ट्यांवरून, मग कमळांवरून हळूच बोट फिरवलं. मला वाटलं, भारावले.

"कोनं केलं हे?"

"आमचे ड्रॉइंगचे सर!" मुख्याध्यापकांनी अभिमानाने माझ्या पाठीवर थाप मारली.

साहेबांनी मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. "सर, तुमी फौजेत नाई, हे तुमचं नशीब. नाई तं कोर्ट मार्शल झालं असतं."

मग त्यांनी शिक्षा सुनावली. दर रविवारी सकाळी नऊ वाजता हॉलमध्ये हजर राहायचं आणि जे केलं ते उतरवायचं. रायफल वरिजनल झाली पाहिजे. हा त्यांचा शब्द. ‘ओरिजिनल’ म्हणायला त्यांची जीभ कधी तयार झाली नाही. मुख्याध्यापकांनी हो म्हटलं, कारण फुकटात होत होतं.

पॉलिश पेपरला बंदी होती. थिनरचा बोळा आणि बांबूची कामटी, बस्स. मी घाईघाईने खरवडायला लागलो की ते म्हणायचे, "हळू. तिले दुखते." चांदीचे थर निघता निघेनात. माझी वेलबुट्टी पुसली जात होती तेव्हा मी म्हणालो, "एवढी एक पाकळी राहू द्यायची का?" उत्तरादाखल त्यांनी बोळा माझ्या हातात दिला. ती पाकळी मलाच पुसावी लागली.

पाचव्या की सहाव्या रविवारी दस्त्याच्या मानेवरून रंग निघाला आणि लाकडात ठोकलेला एक नंबर दिसला. साहेब एकदम उभे राहिले. बाजूच्या लोखंडावर बोट फिरवून पाहिलं. तिथे दोन गोल बैठका होत्या, रंगाने लिंपून गेलेल्या.

"सर, हे साधी रायफल नाई. निशानबाजाची हाये. इथं दुर्बीन बसे. हा नंबर त्या दुर्बिनीचा. दुसरी कोनतीच चालत नाई हिले."

"दुर्बीण कुठे असेल आता?"

उत्तर दिलं ते दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या वामनभाऊ शिपायाने. "ते नळकांडं ना? ते मागच्या हेडसरनं गुरुजीले देलं. संकष्टीचा चंद्र पाह्याले." मग त्याने आणखी एक माहिती दिली. दस्त्यावरची लाकडी गालपट्टी, जिच्यावर निशाणबाज गाल टेकतो, ती पोषण आहाराच्या खोलीत डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होती. साहेब धावतच गेले. टेबल उचलताना वरणाचं पातेलं कलंडलं, तेही त्यांनी पाहिलं नाही.

दुर्बीण मिळवणं इतकं सोपं नव्हतं. गुरुजी म्हणजे आमच्या गणपतीच्या देवळाचे पुजारी. गोड बोलणारे आणि जागचे न हलणारे.

"अहो हवालदार, या दुर्बिणीवर अर्ध्या गावाचे उपास सुटतात. आभाळ आलं तरी ढगाच्या फटीत चंद्र सापडतो. आणि ही साधी दुर्बीण नव्हे. हिच्यातून पाहिलं की चंद्रावर एक काडी उभी दिसते. बाप्पानं रागानं फेकलेला दात तो! बायका हात जोडतात."

साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली, देवळाच्या कळसाकडे रोखली आणि खाली ठेवली.

"गुरुजी, तो दात नाई. तो नेम हाये. त्या काडीच्या टोकावर मानूस धराचा अन् गोळी सोडाची. इतकी वर्सं तुमी चंद्रावर नेम धरून राह्यले."

गुरुजींचा चेहरा उतरला. "आणि बायका?"

"साऱ्याईनं नेम धरला."

गुरुजींनी दोन्ही कान पकडले, दुर्बीण सोवळ्याच्या टोकाने पुसली आणि साहेबांच्या हातात दिली. अट एकच, बायकांना हे सांगायचं नाही. पुढच्या संकष्टीच्या आत साहेबांनी नांदुऱ्याच्या बाजारातून स्वतःच्या पेन्शनमधून त्यांना दोन डोळ्यांची नवी दुर्बीण आणून दिली. तिच्यात दात दिसत नाही अशी तक्रार बायकांनी केली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "बाप्पाचा राग गेला."

हॉलमध्ये येऊन साहेबांनी चष्मा लावला आणि दुर्बिणीवरचा आकडा मोठ्याने वाचला. मी दस्त्यावरचा वाचला. आकडे जुळले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला म्हणाले, "पुन्हा वाचा." आम्ही तीनदा वाचलं.

लाकडाला तेल हवं होतं, जवसाचं. तेलघाणीवाला म्हणाला, "जवसाची चटनी खाची सोडून बंदुकीले काहून पाजता?" साहेबांनी मला ते लावायला शिकवलं. फडकं नाही, ब्रश नाही. चार थेंब घ्यायचे आणि उघड्या तळहाताने घासत राहायचं. "हात गरम झाला पायजे. तवा तेल आत जाते." माझा हात दुखायचा, गरम मात्र व्हायचा नाही. त्यांचा व्हायचा.

गालपट्टीवर एका जागी खळगा होता. मी म्हणालो, "इथे पुट्टी भरून गुळगुळीत करू." साहेबांनी माझा हात धरला.

"नाई सर. इथं कोनाचा तरी गाल टेकत व्हता. कोन पोरगा व्हता, कोठचा व्हता, घरी गेला का नाई, आपल्याले मालूम नाई. एवढंच राह्यलं त्याचं. ते बुजवाचं नाई."

त्या दिवशी आम्ही लवकर थांबलो.

सव्वीस जानेवारीला रायफल काचेच्या पेटीत लावली. काळसर लोखंड, गडद तांबूस लाकूड, वर तिची दुर्बीण. पाहुणे आले, गावकरी आले आणि साऱ्यांची निराशा झाली. सरपंच म्हणाले, "पयले कशी चकाकत व्हती! आता जुनी दिसते." मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले, "सर, नुसत्या कडांना थोडी चांदी...?"

साहेबांना मात्र सरपंचांचे शब्द ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी दोन जिलब्या एकदम तोंडात टाकल्या. "जुनी दिसते म्हनतात? मंग जमलं!"

पुढे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. नांदुरा स्टेशनवर मी पोचवायला गेलो होतो. गाडी हलली तरी ते खिडकीतून सूचना देत होते, "तेल वर्साले एकच हात! अन् सर, डोकं नाई लावाचं!"

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. साहेब गेले होते. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते, ती म्हणाली. पण रोज दुपारी लाकडी खुर्चीत बसून खुर्चीच्या उजव्या हातावर तळहात घासत राहायचे. जवसाचं तेल मागायचे. घरचे आधी हसले, मग द्यायला लागले. "सर, आता त्या खुर्चीचा एक हात असा झाला आहे की तोंड दिसावं. दुसरा अगदी कोरा. आमच्याकडचे म्हणतात, पॉलिशवाल्याला बोलावू. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "थांबा. मी येतो."

रविवारी नागपूरला पोचलो. चहा झाला, फोटोला नमस्कार झाला. मग त्या खुर्चीत बसलो, तिच्या कोऱ्या डाव्या हातावर तेलाचे चार थेंब टाकले आणि घासायला लागलो. घरातले थोडा वेळ बघत उभे राहिले आणि आपापल्या कामाला गेले. तासाभराने माझा तळहात गरम झाला.